वर राहिलेला हात

व्हिस्तुला नदीच्या करड्या पाण्यावर नोव्हेंबरातली म्लान संध्या उतरत होती. निष्पर्ण वृक्ष, नीलधूसर धुके, आणि दूरच्या दफनभूमीत मृतांच्या स्मरणार्थ लावलेल्या मेणबत्त्यांची थरथरती, रक्ताभ रांग. आज वॉर्साच्या सभागृहात वृद्ध संगीतकार तादेउश आपली नवी वाद्यवृंदरचना स्वतः संचालित करणार होता. त्याची लेक इरेना त्यात व्हायोला, व्हायोलिनची खर्जातली थोरली बहीण, वाजवणार होती.

रचना होती हान्कासाठी, त्याच्या धाकट्या बहिणीसाठी. महायुद्धाने घर गिळले, हद्दपारीच्या आगगाडीत हिमाने आई नेली, आणि ती दोन पोरकी भावंडे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीत येऊन पडली. तिथेच, पंचगंगेकाठच्या उन्हात, तापाने फणफणलेली हान्का एक इवलीशी धून गुणगुणत विझली.

रचनेचा शेवटचा भाग विलक्षण होता. तिथे ताल नाही, मोजणी नाही. संचालकाचा उंचावलेला डावा हात खाली येईपर्यंत प्रत्येकाने आपापली ओळ आपापल्या गतीने वाजवत राहायचे. त्या कल्लोळाच्या तळाशी हान्काची धून होती, आणि ती एकट्या इरेनाच्या वाट्याला आली होती.

“बाबा, हात वेळेवर खाली आणा. डॉक्टरांनी तुमच्या हृदयाचं काय सांगितलंय, ठाऊक आहे ना?” तालमीनंतर ती म्हणाली होती.

“आणीन गं. मी का आता लहान आहे?”

आता हात वर गेला. व्हायोलिने किंचाळली, ट्रम्पेट हंबरले, नगारे गडगडले. जळत्या गावाचा आक्रोश, गोठल्या रुळांचा आक्रोश, आईविना पोरांचा आक्रोश; आणि त्याखाली, मातीखालच्या झऱ्यासारखी, ती धून.

हात वरच राहिला. वादक एकमेकांकडे पाहू लागले. हात वरच. चेहरा पांढराफटक, ओठ निळे, आणि डोळ्यांत पोरक्या पोराचा हट्ट.

इरेनाला कळून चुकले. आपण वाजवतो आहोत तोवर हान्का आहे; आणि हान्का आहे तोवर बाबांचे काळीज फुटले तरी हा हात उतरणार नाही. न पाहिलेल्या आत्यासाठी तिला रडू कोसळले. तिने तारांवरून गज उचलला आणि मांडीवर ठेवला.

कल्लोळ तसाच होता. फक्त तळ रिता झाला होता, आणि तादेउशने तो रितेपणा ऐकला. त्याने लेकीकडे पाहिले. इतक्या परक्या नजरेने त्याने तिला कधीच पाहिले नव्हते.

हात उतरला. हळूहळू, हळूहळू उतरला.

“गेली,” तो पुटपुटला. मग तो श्रोत्यांकडे वळला. आणि त्या अथांग, हिमशुभ्र शांततेत इरेनाच्या वाट्याला उरली ती त्याची कृष्णवस्त्रातली पाठ, वाकलेली, थकलेली, जिवंत.