माझ्या पोटात घुबडं वाढली

मित्रांनो, मी लाकडाची एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कपडे येतील, भांडी येतील, नाहीतर आजीच्या ठेवणीतल्या वस्तू येतील. माझ्यात यातलं कधीच काही ठेवलं गेलं नाही. माझा जन्म घुबडांसाठी झाला. हसू नका. मी आयुष्यभर घुबडांचं घर होते आणि त्याचा मला अभिमान आहे.

मी उभी होते ती तेलताडाच्या बागेत. तेलताड म्हणजे ज्याच्या फळांपासून पाम तेल निघतं ते झाड. ते तेल तुमच्या बिस्किटात असतं, अंगाच्या साबणात असतं आणि कधी कधी तळणीच्या कढईतही असतं. झाडाच्या शेंड्याशी झावळ्यांच्या बगलेत लालभडक फळांचे मोठे घड लागतात. ते लांब दांड्याच्या विळ्यानं कापून खाली पाडायचे आणि ट्रॅक्टरमध्ये भरून गिरणीत न्यायचे, हे इथलं रोजचं काम. या फळांवर माणसांइतकाच उंदरांचाही जीव. पिकायला आलेला घड उंदरांना सापडला की सकाळी नुसती कुरतडलेली बोंडं दिसत.

बाग होती बहीणभावांची. बहिणीला सारा परिसर ताई म्हणायचा. भाऊ तिच्याहून धाकटा, ट्रॅक्टर तोच चालवायचा. ताईचे यजमान सुतार होते. बागेत त्यांना फारसं काही कळत नसे आणि तसं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. मला घडवलं ते त्यांनीच.

मी घडले त्यामागे एक दुःखाची गोष्ट आहे. पूर्वी या बागेत उंदरांसाठी विष टाकत. गुळगुळीत निळ्या वड्या असत, त्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी ठेवायच्या. उंदीर ते खात, पण लगेच मरत नसत. दोन-चार दिवस झिंगल्यासारखे उघड्यावर फिरत. असाच एक उंदीर धाकट्याच्या कुत्र्यानं धरला. ट्रॅक्टर निघाला की त्याच्या पुढे धावणारं ते कुत्रं होतं. ते गेलं. त्याच आठवड्यात ओढ्याकाठी एक पांढरं घुबड पंख पसरून मरून पडलेलं ताईला दिसलं.

गिरणीतून शेतीसल्लागार बाई अधूनमधून बागेत यायच्या. ताईनं त्यांना ते घुबड दाखवलं. त्या म्हणाल्या की हे गव्हाणी घुबड, उंदीर हेच याचं मुख्य खाणं. तुम्ही ज्याला हाकलायला विष टाकताय, त्यालाच हे फुकटात धरत होतं. घुबडं राहावीत असं वाटत असेल तर उंच खांबावर पेटी लावा, कारण त्यांना राहायला पोकळ जुनी झाडं आता उरली कुठे?

ताईनं घरी येऊन यजमानांना पेटी करायला सांगितलं. सुतार म्हणाले, "जन्मभर माणसांची दारं केली. आता घुबडालाही दार करून देतो. त्याला उंबरठा हवाय का, तेवढं विचारून ये."

पण काम मात्र त्यांनी जीव लावून केलं. घरातल्या एका काढून टाकलेल्या दाराच्या फळ्या घेतल्या. बाहेरून मला रंधून गुळगुळीत केलं, आतली बाजू मात्र मुद्दाम खरखरीत ठेवली, म्हणजे पिल्लांची नखं घसरणार नाहीत. तळाला पाणी निथळायला भोकं पाडली. साफसफाईसाठी मागे एक छोटं झडपेचं दार बसवलं. मला उंच खांबावर चढवलं आणि साप वर येऊ नये म्हणून खांबाला खालून पत्रा गुंडाळला. मित्रांनो, ज्याच्यासाठी मी होते त्याला आयुष्यात कधी न पाहिलेल्या माणसानं त्याच्या नखांचासुद्धा विचार केला होता. मला तो हात अजून आठवतो.

आणि मग मी रिकामी राहिले.

दिवस गेले, महिने गेले. एकदा साळुंक्यांनी काड्या आणून टाकल्या आणि त्याही निघून गेल्या. ताईनं विष बंद केलं होतं, त्यामुळे उंदरांना रान मोकळं झालं. माझ्या खांबाच्या सावलीत बागेतली माणसं डबे खायला बसत, त्यामुळे सगळ्या बातम्या मला बसल्या जागी कळत. आज ओढ्याकडच्या रांगेतले घड कुरतडले, आज वरच्या अंगाचे. शेजारच्या बागेचे मालक मुद्दाम वाट वाकडी करून माझ्याकडे बघायला येत. त्यांना सगळे फौजदार म्हणत. ते पोलिसात कधीच नव्हते. पण हाताची घडी घालून दुसऱ्याला कामाला लावायची त्यांची तऱ्हा तशी होती. माझ्याकडे मान वर करून ते ताईला म्हणाले होते की भाडेकरू मिळत नसेल तर पाटी लावा. शिवाय घुबड अशुभ, ते घरादाराजवळ बोलावून कशाला आणायचं, असंही ते चारचौघांत बोलले.

विष न टाकता वाट बघायला ताईनं भावाकडून एक हंगाम मागून घेतला होता. हंगाम संपला. एका दुपारी धाकटा निळ्या वड्यांची पिशवी घेऊन आला आणि माझ्या खांबाशी बसला. ताई झावळ्या रचत होती. ती हातातली झावळी टाकून जवळ आली. मग धाकट्यानं पिशवीची गाठ सोडली, आत पाहिलं आणि पुन्हा आवळून बांधली.

"माझ्याच्यानं नाही होत ताई," तो म्हणाला. "ट्रॅक्टर सुरू केला की अजून पुढे बघतो मी, ते धावतंय का म्हणून."

पिशवी घेऊन तो जसा आला तसा परत गेला. मी निर्जीव फळ्यांची पेटी, पण त्या दिवशी मला वाटलं, आता तरी या माणसांसाठी कुणी माझ्यात राहायला यावं.

पुढच्या मोसमाच्या तोंडावर भाडेकरू आले. संध्याकाळी उजेड विझत असताना माझ्या दारात काहीतरी अलगद उतरलं. पंखांचा एवढासाही आवाज नाही. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा आत डोकावला, इकडे वळला, तिकडे वळला. मग नखं माझ्या खरखरीत तळावर टेकली आणि ती घसरली नाहीत. मागोमाग जोडीदार आला. काही दिवसांनी मादीनं अंडी घातली. सगळी एकदम नाही, एकेक करून, त्यामुळे पिल्लंही लहानमोठी निघाली. थोरलं अंगानं चांगलं भरलेलं असताना धाकटं अजून कापसाच्या बोळ्याएवढं होतं. मादी त्यांना पोटाखाली घेऊन बसे आणि नर अंधार पडला की उंदीर आणू लागे. एक आणून टाकला की दुसऱ्यासाठी निघालाच. इतका कामसू भाडेकरू मी ऐकला नव्हता.

आणि एके दिवशी नर आला नाही.

मादी माझ्या दारात येऊन बसली. ताडाच्या रांगांकडे बघत राहिली. पिल्लं फुसफुसत होती. ती भुकेची फुसफुस होती, मला ती ओळखू येऊ लागली होती. दुसऱ्या दिवशीही तो आला नाही. बाहेर शिकारीला जावं तर पिल्लं उघडी पडतात, आत बसावं तर उपाशी मरतात, अशा कात्रीत ती सापडली होती.

सकाळी फौजदार आले. हातात एक पोतं होतं. ताई आणि धाकटा घड वेचत होते, त्यांच्यासमोर त्यांनी ते पोतं हळूच जमिनीवर ठेवलं. नेहमीसारखी हाताची घडी नव्हती.

"माझ्या बागेत पडलं होतं हे," ते म्हणाले. "फेकून देणार होतो. मग तुमची पेटी आठवली."

ताईनं पोतं उघडून पाहिलं, आत नर मरून पडला होता. विष फौजदारांच्या बागेतलं होतं, हे तिघांनाही कळत होतं. पक्ष्याला बांध कुठला माहीत? ताईनं एका शब्दानं त्यांना दोष दिला नाही. तिनं शिडी आणायला सांगितली, खांबाला लावली आणि म्हणाली, "वर जाऊन बघा."

फौजदार चढले. झडप उघडली आणि त्यांचं मोठं, घामेजलेलं तोंड माझ्या आत आलं. चारही पिल्लं एकदम अंग फुगवून, डोकी खाली घालून फुस्स करून ओरडली. फौजदारांची एक पायरी चुकली आणि शिडी धरून उभ्या असलेल्या धाकट्यानं डोळेच मिटून घेतले. पण ते पडले नाहीत. उतरलेही नाहीत. त्या सगळ्यात लहान कापसाच्या बोळ्याकडे ते बघत राहिले. त्यांचा श्वास माझ्या फळ्यांना लागत होता.

"यांना आता कोण आणून देणार?" त्यांनी वरूनच विचारलं.

"आपण," ताई म्हणाली.

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते पाहायला तुम्ही असायला हवं होतं. फौजदारांनी आधी आपल्या बागेतल्या सगळ्या निळ्या वड्या वेचून काढल्या. मग ताईनं आणि धाकट्यानं दोन्ही बागांत सापळे लावले. सापडलेले उंदीर संध्याकाळी डब्यात घालून आणायचे आणि झडपेतून आत सोडायचे. पिशवीभर विष घेऊन आलेला धाकटा आता चिमट्यात उंदीर धरून म्हणायचा, घ्या, जेवण आलं. फौजदार रोज यायचे. वाटेत कुणी हटकलं की डबा पाठीमागे लपवायचे. मादी आधी दूरच्या झाडावर बसून नाराजीनं बघायची, मग माणसं उतरली की आत यायची आणि तुकडे करून पिल्लांना भरवायची. पिल्लं थोडी मोठी झाल्यावर ती स्वतः शिकारीला जाऊ लागली.

सगळ्यात लहान पिल्लू मात्र वाचलं नाही. त्याला फौजदारांनी स्वतः खाली नेलं आणि ओढ्याकाठी पुरलं. ते परत आले तेव्हा डोळे लाल होते. धुराळा फार आहे, असं ते म्हणाले. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. बाकीची तिन्ही उडाली. थोरलं उडताना माझ्या दाराच्या काठाला धडकलं, त्याचा मला मुळीच राग नाही.

पण ताईला कळून चुकलं होतं की एका बागेनं विष बंद करून भागत नाही. घड वजन करायला सगळे शेतकरी एका शेडमध्ये जमत. तिथे तिनं एक दिवस चादर अंथरली आणि माझ्या पोटातून साफ करून काढलेला सगळा ऐवज त्यावर ओतला. घुबड उंदीर गिळतं, पण केस आणि हाडं पचत नाहीत, त्यांच्या गोळ्या करून ते ओकून टाकतं. त्या गोळ्या तिनं लोकांना हातानं फोडायला लावल्या. आधी कुणी हात लावेना. फौजदारांनी पहिली गोळी फोडली. आतून उंदराची इवलीशी कवटी निघाली, पिवळे पुढचे दात अजून जागच्या जागी. मग दुसऱ्यानं फोडली, तिसऱ्यानं फोडली. चादरीवर कवट्यांची रास जमली. घुबडाला अशुभ म्हणणारी माणसंच आता त्या कवट्या मोजू लागली, कारण त्यातला प्रत्येक दात त्यांच्याच घडांवर चालला असता. हे सगळं मला डबे खाणाऱ्यांकडून कळलं, आणि सांगताना त्यांना हातातली भाकरी तोंडात घालायचंही भान नव्हतं, एवढे ते त्यात रंगले होते.

त्यानंतर सुतारांना श्वास घ्यायला फुरसत मिळेना. माझ्यासारख्या पेट्या बागेबागेत उभ्या राहिल्या. घुबडांनी सगळे उंदीर संपवले असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. उंदीर राहिले. पण कुरतडलेले घड कमी झाले आणि विषाच्या वड्या हळूहळू दुकानातूनही दिसेनाशा झाल्या. एक गोष्ट केली की माणसाला दुसरी सुचते. कापलेल्या झावळ्या जाळायच्या बंद झाल्या, त्या रांगांमध्ये रचून कुजवू लागले. जमिनीवर वेल पसरू दिले, त्यामुळे पावसात माती वाहून जाईना. ओढ्याकाठचे म्हातारे ताड काढले तेव्हा ताईनं तिथे पुन्हा ताड लावले नाहीत. ती पट्टी तिनं रानझाडांना सोडून दिली. धाकटा कुरकुरला, पण तिथल्या पहिल्या झाडाला पाणी घालताना मी त्यालाच पाहिलं.

आता मी म्हातारी झाले आहे. पावसानं माझा तळ कुजला. घुबडांचा मोसम संपल्यावर सुतारांनीच मला उतरवलं आणि माझ्या जागी नवी पेटी चढवली. हल्ली मी शेडच्या कोपऱ्यात असते. एक कोंबडी माझ्यात अंडी घालते. ती फार बोलते, पण मला सवय होतेय.

मागच्या महिन्यात दूरच्या बागांतून काही बायका पेट्या बघायला आल्या होत्या. पेटी किती उंच लावायची, तोंड कुठल्या दिशेला करायचं, असं त्या विचारत होत्या. ताईनं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "पेटी मागाहून लावली तरी चालेल. विष मात्र आधी थांबवा. नाहीतर पाहुण्याला जेवायला बोलावून ताटात विष वाढल्यासारखं होईल."

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. बागेत असो, शेतात असो, की घरातल्या मोरीत, कुणी विषाची पुडी उघडायला घेतली की त्यांना जरा थांबवा आणि विचारा, हे उंदीर खाईल, मग उंदराला कोण खाईल? आणि त्याची वाट बघत घरी कोण बसलं असेल? एवढं विचारलंत तर पुढचं त्यांचं त्यांना सुचेल. आमच्या फौजदारांना सुचलं, आणि त्यांच्याहून हट्टी माणूस मी खांबावरून तरी पाहिला नाही.