झालीचे दिवे

मैनाबाईनं चाळणीवरचं झाकण उचललं आणि तिचा हात वाफेतच थांबला. थापून ठेवलेले सोळाही दिवे टम्म फुगले होते. तेलासाठी केलेली खळगी बुजून गेली होती आणि काहींच्या अंगावर भेगा पडल्या होत्या.

"अवो, हे काऊन असं झालं?" ती नवऱ्याला दबक्या आवाजात म्हणाली. "असे दिवे मी जल्मात नाई पायले."

नत्थुजीला कारण लगेच कळलं, पीठ त्यानंच आणलं होतं. लढाईमुळे गहू रेशनवर. मिळाला तेवढा पाहुण्यांच्या पोळ्यांत संपला आणि ज्वारीच्या पिठाचा दिवा काही उभा राहत नाही. म्हणून त्यानं बंगल्यावरच्या मडमेकडे मैदा मागितला. साध्या मैद्याचा डबा रिकामा होता. केकचा, आधीच सोडा मिसळलेला, तेवढा शिल्लक होता. तो भट्टीत फुगतो हे नत्थुजीला ठाऊक होतं, पण फुगवते ती भट्टीची धग, असंच तो इतकी वर्षं समजत आला होता. वाफेचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

जातभाईंच्या लेखी नत्थुजी अमरावतीच्या कॅम्पात साहेबाच्या बागेचा माळी होता. लागला होता माळी म्हणूनच. पण चौदा वर्षांमागं खानसामा पळाला, मडमेनं याच्या हाती झारा दिला आणि खुरपं सुटलं ते सुटलंच. अंडी, मटण आणि ज्याचं नाव काढू नये तेही त्यानं शिजवलं. घरी येताना विहिरीवर अंघोळ करायची, गुलाबाची दोन फुलं खिशात टाकायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकट्या मैनाबाईला सगळं माहीत होतं आणि तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं.

"अंगठ्यानं दाबून घे," तो म्हणाला. "घटकाभर जळले म्हंजे झालं."

उन्हं कलली तशी झाल सुरू झाली. पेटलेल्या दिव्यांची टोपली सासरच्या एकेकाच्या डोक्यावर ठेवायची आणि लेक त्यांच्या पदरात घालायची. सुभद्रा ही नत्थुजीची एकुलती लेक. पहिला मान सासूचा, अकोल्याच्या माणिकबाईचा. टोपली डोक्यावर टेकते न टेकते तोच वाती चरचरू लागल्या. जाळीदार झालेल्या दिव्यांनी तेल केव्हाच पिऊन टाकलं होतं. एक विझला, मग तीन. एका दिव्याची कडाच पेटली आणि काळा धूर निघाला. वाऱ्याची झुळूक म्हणून नव्हती. गाणाऱ्या बाया गप्प झाल्या.

माणिकबाईनं टोपली आपल्याच हातानं खाली उतरवली. सोळांतला एकही जळत नव्हता.

"माह्या डोक्शावर विझले," ती म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "माह्या लेकाचं काय होईन आता? पोरीचा पायगुण दिसून राहिला."

"अशीच एक आमच्या मूर्तिजापुरात आणली होती," मागून एक म्हातारी बोलली. "सा महिन्यांत कुंकू पुसलं."

नवरदेव देवीदासला ठसका लागला. साधाच ठसका, धुरानं आलेला. पण मांडवातल्या साऱ्या बायांनी सुभद्राकडं पाहिलं. नत्थुजीनं ते बघितलं. आता जन्मभर हेच. तिकडं कुणाला ताप येवो, गाय मरो, नजरा हिच्याकडंच वळणार.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मैनाबाईनं मागून त्याची बाही धरली. "बोलू नोका," ती पुटपुटली. त्यानं तिचा हात हळूच सोडवला.

"इनबाई, पोरीचा पायगुण नाई," तो म्हणाला. "पीठ साहेबाच्या डब्यातलं हाय. त्याच्यात सोडा असते. दिवे फुगले, तेल पेले, म्हणून विझले. अन् मी माळी नाई. चौदा वर्सं झाले, साहेबाचा खानसामा हाय."

व्याही भगवंतरावांच्या तोंडात विडा होता, तो त्यांनी बाहेर जाऊन थुंकला.

"म्हंजे दुपारी आमी जेवलो ते?"

"ते मैनाच्या हातचं. तुमची शप्पत."

भगवंतराव मांडवाकडं वळले. "लगन लागलं, पोर आमची झाली. तिच्यात खोट नाई, हे चारचौघांत बोलतो मी. तिले कोणी नावं ठेवणार नाई. पण इवाई, या घरचं पाणी तिले आजपासून बंद. तिले आता माहेर नाई."

नत्थुजीनं हात जोडले. "चालते," तो म्हणाला. आतून तो पार तुटून गेला होता.

बैलांची दमणी दारात लागली. रडून रडून सुभद्राच्या घशाला कोरड पडली होती. सवयीनं ती म्हणाली, "बाबा, पाणी द्या जरासंक." नत्थुजी लगबगीनं आत गेला, तांब्या भरून घेऊन आला.

"बडनेऱ्याच्या ठेसनावर पेऊ," माणिकबाई म्हणाली.

सुभद्रानं तांब्याकडं पाहिलं, मग बापाकडं.

"राहू द्या, बाबा. तहान नाई मले."

बैल हलले. दमणी रस्त्याला लागली तरी नत्थुजी दोन्ही हातांनी तांब्या धरून उभा होता, थेंब सांडू न देता.