नव्या नकाशावरचा जुना कोन

अठरा वर्षांची असताना मी सैन्यातल्या अधिकारी भरतीचा फॉर्म आणायला गेले होते. खिडकीतल्या कारकुनाने चष्म्यावरून पाहत विचारलं, "भावाचा फॉर्म न्यायला आलात का?" आमच्या वेळी मुलींना घेत नसत. मला ते माहीत होतं, तरी गेले. भावाला घेतलं असतं, पण त्या आळशाला रांगेत उभं राहायचाही कंटाळा. मी त्याच्या नावाने फॉर्म आणला, घरी दार लावून पेन्सिलीने स्वतःचं नाव भरलं आणि खोडून टाकलं. मग जमीनमोजणीच्या खात्यात चिकटले आणि बावीस वर्षं लोकांच्या बांधांवरची भांडणं मोजली.

अकरा वर्षांपूर्वी पेपरात जाहिरात आली. अधिकारी घडवणाऱ्या अकॅडमीला नकाशावाचन शिकवायला माणूस हवं होतं, कंत्राटी, अकरा महिन्यांसाठी. मी निवृत्तीच्या कितीतरी आधी खात्याचा राजीनामा दिला. आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. ते म्हणाले, "बरं झालं. मी लोकांना जवळचं दाखवतो, तू लांबचं दाखव." पुढे दोन दिवस ते पेन्शनबद्दल काही बोलले नाहीत, आणि हा त्यांचा मोठेपणा मी मान्य करते.

कंत्राटी माणसाला आत काय असतं, ते सांगून टाकते. कायम शिक्षकांना कपाटं असतात, आम्हाला खिडकीखालचं एक बाकडं. त्यांचा पास निळा, आमचा हिरवा. ते पुढच्या फाटकातून येतात, आम्ही मागच्या, स्वयंपाकघराच्या बाजूच्या. दीक्षान्त संचलनाला खुर्च्या मोजून मांडतात आणि त्या मोजणीत आम्ही नसतो. मी दर वर्षी भांडाराच्या गच्चीवरून संचलन बघत आले. शेवटची ओळ मैदान ओलांडते, आईबाप पुढे येऊन मुलांच्या खांद्यांवर तारे लावतात, टोप्या वर उडतात. अकरा वर्षांत एकदाही माझे डोळे कोरडे राहिले नाहीत. ते प्रेमाचे अश्रू होते असं मी ह्यांना सांगत असे. प्रेम होतंच. पण मला तिथे असायचं होतं, खाली, त्या ओळीत, आणि त्या गोष्टीला आता माझ्या गुडघ्यांसकट सगळ्यांचा नकार होता.

पोरं मला 'सुई' म्हणतात. होकायंत्राची सुई. तोंडावर नाही म्हणत, पण आमच्या बाकड्यामागची भिंत पातळ आहे. मी बोलायला तिखट आहे, हे कबूल. कुणी वाट चुकला आणि होकायंत्र बिघडलंय म्हणाला, की मी त्याला सगळ्यांदेखत विचारते, "नाचता येईना, अंगण वाकडं?" मग तो आयुष्यात होकायंत्राला दोष देत नाही.

या तुकडीत एक मुलगी होती. एका बस कंडक्टरची. सगळे तिला 'काडी' म्हणत, कारण ती होतीच तशी, पाठीवरच्या पिशवीपेक्षा बारीक. पहिल्याच तासाला मी तिला विचारलं, "अंतर कशाने मोजतेस?" म्हणाली, "पावलांनी, मॅडम. कंडक्टरची मुलगी आहे, थांबा चुकत नाही." वर्ग हसला. मीही हसले, आणि मला ती तिथल्या तिथे आवडली. शिक्षकाने असं करू नये.

अंतिम परीक्षेत एकट्याने माळावर जायचं असतं. हातात नकाशा, होकायंत्र आणि आम्ही दिलेला कागद. अमुक कोनात इतकं अंतर चाला, तिथे झुडपात एक पेटी असेल, पेटीतला शिक्का कागदावर उमटवा, पुढच्या कोनाला लागा. अशा चार पेट्या, शेवटची नकाशावरही खुणावलेली. काडीला परीक्षेच्या दिवशी ताप होता, ती वेळेत पोचली नाही. फेरपरीक्षा एकदाच मिळते. त्यातही नापास झालं तर घरी, आणि तिचं वय बघता पुन्हा भरती नाही. फेरपरीक्षा फक्त तिची होती, म्हणून कागदही फक्त तिच्यासाठी बनवायचा होता. मी बनवला.

शनिवारी सकाळी ती गेली आणि दुपारी वेळेत परत आली. कागदावर शिक्के तीन. तिसऱ्या पेटीच्या जागी तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'पेटी नाही. तीन मोठे दगड, कोरडी विहीर.' दुसऱ्या कुणी इकडेतिकडे भटकून पेटी शोधली असती. हिने दिलेला कोन चालला, दिलेलं अंतर मोजलं, जे दिसलं ते लिहिलं, मग नकाशावर आपली जागा पक्की करून पुढची पेटी गाठली. नियम स्पष्ट आहे. चारपैकी एक शिक्का नसला तरी नापास. मी म्हटलं, "तू भरकटलीस." ती म्हणाली, "माझंच चुकलं असणार, मॅडम." मी सही केली.

मी निकालाचे कागद त्याच दिवशी पुन्हा तपासते. मोजणी खात्यातली सवय. संध्याकाळी घरी टेबलावर नकाशा पसरला आणि कोरडी विहीर शोधली. पेटीपासून विहीर सत्तर-पंचाहत्तर मीटर बाजूला. काडी इतकी कशी सरकेल? मग नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं साल दिसलं. या वर्षीचं.

हे समजायला अवघड नाही. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे बोट दाखवत नाही, किंचित बाजूला दाखवते, आणि तो फरक दर वर्षी थोडा थोडा सरकतो. नकाशा जुना असेल तर मधल्या वर्षांची सरक हिशेबात धरावी लागते. आमचे नकाशे चौदा वर्षांचे जुने होते. दर वर्षी मी पोरांच्या डोक्यात हातोडीने ठोकत असे, "नकाशा म्हातारा आहे, सरक धरा!" मुख्य परीक्षा झाली आणि नवे नकाशे आले. त्यांवर सरक धरूनच छापलेली. पहिले दोन कोन मी नीट काढले होते, मग चहा आला, आणि तिसऱ्या कोनाला माझ्या हाताने जुन्या सवयीने पुन्हा चौदा वर्षं धरली. एक अंश नि वर थोडं. तीन किलोमीटर चालल्यावर एवढ्याने माणूस एखाद्या उंचवट्याच्या पलीकडे जातो.

काडी चुकली नव्हती. मी सांगितलेल्या चुकीच्या जागी ती बिनचूक पोचली होती.

आता मी नीट सांगते, कारण इथे खोटं बोलले तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. शनिवारी संध्याकाळी मला हे कळलं. बुधवारी कंत्राटाचं नूतनीकरण होतं. परीक्षेच्या कागदात चूक झाली तर कायम शिक्षकाला ताकीद मिळते आणि कंत्राटी माणसाला नव्या कंत्राटाचं पत्रच येत नाही, एवढाच नियम आहे. मी रविवारी कुणाला फोन केला नाही. कपडे धुतले, पडदे धुतले, धुतलेली भांडी पुन्हा धुतली. ह्यांनी विचारलं, "आज घरावर कुणाची धाड आहे का?" मी त्यांच्यावर खेकसले. मनात म्हणत होते, बुधवार होऊ दे, मग सांगू. काडीला सोमवारी घरी पाठवणार होते, हे मला ठाऊक होतं. तरी म्हणत होते.

सोमवारी सकाळी मागच्या फाटकाशी एक गृहस्थ उकिडवे बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर दोरीचं नवं वेटोळं. माझा हिरवा पास बघून उठले.

"तुम्हीच नकाशाच्या मॅडम का? मी काडीचा बाप." मग जीभ चावली. "म्हणजे, तुमच्याकडे तिला काडी म्हणतात ना, तिनेच सांगितलं."

"कधी आलात?"

"पहाटेच्या गाडीने. काल दुपारी पोरीचा फोन आला, बाबा, घ्यायला या म्हणून. आमचे शेजारी हार घेऊन बसलेत हो, पंधरा दिवसांनी अधिकारी होऊन येणार म्हणून. आता काय सांगायचं त्यांना, ते बघू. ट्रंक बांधायला दोरी आणलीय." त्यांनी दोरी मला दाखवली, जशी काही मी ती तपासणार होते. "एक सांगायचं होतं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पोरगी म्हणते, मॅडमनी इतकं शिकवलं आणि मी त्यांना मान खाली घालायला लावली."

मी म्हटलं, "बसा. दोरी सोडू नका," आणि हे किती मूर्खासारखं बोललो आपण, हे चार पावलं गेल्यावर कळलं.

परीक्षांचा प्रमुख मेजर माझ्या पहिल्या तुकडीतला. त्या वेळी त्याला पूर्व-पश्चिम सांगायला डाव्या हातावरचं घड्याळ बघावं लागे. मी नकाशा त्याच्या टेबलावर पसरला आणि दोन मिनिटांत सगळं सांगितलं. त्याने सालाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची," तो हळूच म्हणाला. "मुलीचं नुकसान होऊ द्यायचं नाही, बरोबर? मग असं लिहू, की पेटी जागेवरून हलली होती. जनावराने पाडली असेल. परीक्षा रद्द, गुरुवारी पुन्हा. तिचंही काम झालं, तुमचंही."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"पेट्या कोण ठेवतं?" मी विचारलं.

"पेटीवाला. रोजंदारीवरचा."

"मग पेटी हलली तर कुणाला विचारतील?"

पेटीवाला माझ्याच बाकड्यावर डबा खातो. पेटीला तार बांधल्याशिवाय जागचा हलत नाही असा माणूस.

"माझी चूक लिही," मी म्हटलं.

"हात दाखवून अवलक्षण कशाला, मॅडम? परवा बुधवार आहे."

"मला वार कळतात. लिही."

त्याने लिहिलं. अक्षर अजूनही वाईटच होतं. मी सही केली आणि वळून बाहेर आले, कारण त्याचे डोळे भरले होते आणि मेजरने माझ्यासमोर रडलेलं मला चाललं नसतं.

गुरुवारी दुसऱ्या शिक्षकाने कागद बनवला. चार शिक्के, पंचवीस मिनिटं राखून. मला हे पेटीवाल्याने फोनवर सांगितलं. बुधवारी पत्र आलं नव्हतं आणि मी हिरवा पास पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवून आले होते. अकरा वर्षांची ओळख, पण त्याने पावती लिहून दिली, आणि बरोबरच केलं.

संचलनाच्या दिवशी आमच्या ह्यांनी दुकान बंद ठेवलं. म्हणाले, "भिंतीबाहेर जाऊन उभं राहू या. बँड तर ऐकू येईल."

"मी काय वरातीमागचं घोडं आहे?" मी म्हटलं. त्यांनी चपला परत काढल्या. मी बसून राहिले. घड्याळ बघत होते. आता ओळ वळली असेल. आता आईबाप खुर्च्यांवरून उठले असतील. माझ्या छातीत इतकं दुखत होतं, की मी ह्यांना डॉक्टर बोलवा म्हणणार होते.

दुपारी दार वाजलं. काडी होती. गणवेश, खांद्यांवर तारे, बूट असे की त्यांत आमचा जिना दिसत होता. आईबाबा कोपऱ्यावर रिक्षात थांबलेत, दहाच मिनिटं आहेत म्हणाली. ह्यांनी पाणी आणलं आणि शहाण्यासारखे आत गेले.

ती बसली नाही. टोपी हातात धरून उभी राहिली.

"मॅडम, मेजरसाहेबांनी सांगितलं सगळं. तुमचं कंत्राट गेलं."

"चूक माझी होती."

"एक विचारू का? तुम्ही निकालाचे कागद दुसऱ्या दिवसावर ढकलत नाही. आम्हालाही ढकलू देत नव्हता." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "तुम्हाला सोमवारी कळलं, की आधी?"

सोमवारी म्हणाले असते तरी तिने विश्वास ठेवला असता. तिला तेच ऐकायचं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

"शनिवारी," मी म्हटलं. "शनिवारी संध्याकाळीच."

तिने टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"मी बाबांना रविवारी दुपारी फोन केला," ती म्हणाली. "त्यांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं."

"हो."

"मी दिवसभर विचार करत होते, मी कुठे वळले असेन. एकेक पाऊल आठवत होते."

"तू कुठेच वळली नव्हतीस. बरोबर चालली होतीस."

"हे मला रविवारी हवं होतं, मॅडम."

माफ कर म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते अर्धवटच राहिलं. तिने मान हलवली. त्यात माफी होती की नुसता निरोप, मला सांगता येणार नाही. "येते," म्हणाली. टोपी घातली, सरळ केली आणि जिना उतरली.

मी खिडकीत गेले. ती रस्त्याच्या कडेने चालत होती, पाठ ताठ, एकसारखी पावलं टाकत. भाजीवाला हातगाडी बाजूला घेऊन उभा राहिला. एका लहान मुलीने आईचा हात ओढून तिच्याकडे बोट दाखवलं. मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण माझे डोळे तिच्या खांद्यांवर होते. ती रिक्षापाशी पोचेपर्यंत मी तिची पावलं मोजत राहिले, आणि प्रत्येक पावलाला मला एकच वाटत होतं, की हे मी चालायला हवं होतं.