लालासाहेबांची घरपट्टी

केरूनं चपला पायरीखाली काढल्या आणि हातातला कागद घडी करून परत खिशात ठेवला. फरशी उन्हानं तापली होती, तरी तो पाय न हलवता उभा राहिला. त्याच्या पुढं सरपंच क्रांती डोक्यावरचा पदर सारखा करत होती. तिनं बेल दाबली. आत कुठंतरी आरती सुरू झाली, कारण त्या बंगल्याची बेलसुद्धा आरतीच म्हणायची.

“तुमीच बोला, नाना,” ती हळूच म्हणाली.

“मी? सरपंच तुमी हाय.”

“आवं, मी सून हाय गावची. आबांपुढं तोंड वर करून पट्टी कशी मागू?”

लालासाहेबांचा बंगला तीन मजली होता आणि वर्षातून आठ दिवस उघडा असायचा, चैत्रातल्या यात्रेपुरता. बाकीचं वर्ष मालक कोइमतूरला. विट्याकडच्या कितीतरी घरांतली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या कामात, देशभर पांगलेली आहेत. पैसा झाला की गावात बंगला बांधायचा, कुलूप लावायचं आणि यात्रेला यायचं, अशी रीतच पडून गेली आहे. या गावात असे अडतीस बंगले होते. त्यांत लालासाहेब सर्वांत मोठे, त्यामुळं ते करतील तेच बाकीचे सदतीस करत. त्यांनी देवळाला शिखर दिलं तेव्हा दुसऱ्यानं सभामंडप दिला, तिसऱ्यानं कमान. त्यांनी सहा वर्षं घरपट्टी भरली नाही, तेही सगळ्यांनी मनापासून पाळलं.

आणि गावाच्या पाणी योजनेच्या मोटरीचं वीजबिल चार लाखांवर गेलं होतं. बुधवारपर्यंत भरलं नाही तर तार तोडणार, असं वीजवाले सांगून गेले होते. केरू चोवीस वर्षं गावाला पाणी सोडत होता. पहाटे मोटर चालू करायची, मग एकेका आळीचा व्हॉल्व्ह फिरवायचा, प्रत्येक आळीला चाळीस मिनिटं, पाटलाच्या आळीला चाळीस आणि बौद्धवस्तीलाही चाळीस. यात एका मिनिटाचा फरक त्यानं कधी होऊ दिला नव्हता. लोक त्याच्या नावानं घड्याळ लावत आणि त्याला त्याचा अभिमान होता, दुसरं काही अभिमान धरण्यासारखं त्याच्याकडं नव्हतंही.

लालासाहेब सोफ्यावर बसून फोनमध्ये कोइमतूरचं दुकान बघत होते. दुकानातल्या कॅमेऱ्यात भट्टीपुढं दोन पोरं दिसत होती.

“या, सूनबाई. केरू, तूबी ये. लांब का उभा?”

क्रांतीनं यात्रेचं कौतुक केलं, शिखराचं केलं, काकूंच्या तब्येतीची चौकशी केली. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही आणि केरूनं कागद टीपॉयवर ठेवला. लालासाहेबांनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला.

“एक लाख बारा हजार,” ते म्हणाले आणि हसले. “अरं, परवा देवळाला अकरा लाख दिले, तवा कुणी कागद आणला न्हवता.”

“ते देवाचं, शेठ. ह्ये मोटरीचं हाय.”

“मग मोटरीसाठी माग की. देणगी माग. देतो, माझ्याकडनं पन्नास हजार लिही. पट्टी कशाची? माझ्या घरात पंचायतीचा नळ न्हाई. बोअर माझं, दारातला दिवा माझा. वर्षातनं आठ दिवस येतो, त्येची पट्टी?”

“चालंल आबा, देणगी म्हणून—” क्रांती घाईनं म्हणाली.

“न्हाई चालत, वैनी.” केरूचा आवाज त्यालाच मोठा वाटला. “पन्नास हजारानं बिल भागत न्हाई. शेठ, तुमी पट्टी भरली तर बाकीचे सदतीस जण भरत्याली. समदे म्हणत्यात, लालाशेठची पावती दाखव.”

“म्हंजे मी भरायची आणि सदतीस जणांच्या शिव्या खायच्या.”

“आमी भरतोय की, शेठ. माझं पत्र्याचं घर हाय, मीबी भरतो.”

लालासाहेबांनी चष्मा काढला. ते चिडले नव्हते. चिडले असते तर केरूला बरं वाटलं असतं.

“हे बघ केरू. चौदाव्या वर्षी मी ह्या गावातनं गेलो. भट्टीपुढं माझ्या भुवया जळाल्यात. हातरूण न्हवतं, पोत्यावर झोपायचो. ह्या गावानं, ह्या पंचायतीनं मला काय दिलं तवा?”

“शाळा हुती, शेठ. चौथीपातूर.”

फोनमधल्या पोरांपैकी एक जण भट्टीपासून उठून गेलेला दिसला, तरी लालासाहेबांचं लक्ष तिकडं गेलं नाही.

“द्यायचं ते मी माझ्या हातानं दीन,” ते शेवटी म्हणाले. “मागून कुणी घ्यायचं न्हाई.”

उठता उठता त्यांनी खिशातून पाचशेच्या चार नोटा काढल्या आणि केरूपुढं धरल्या. तुझा पगार रखडलाय म्हणून ऐकतोय, असू दे, म्हणाले. सात महिने रखडलेलाच होता. केरूचा हात त्याच्या मनाला न विचारता पुढं गेला.

चपला घालून दोघं निघाले. वाटेत देवळापाशी थांबून क्रांतीनं पदरानं डोळे टिपले.

“पन्नास घ्यायला पायजे हुते, नाना.”

“त्ये उपकार झाले असते, वैनी. पट्टी न्हवं.”

“मग बुधवारी उपकाराबिगर पाणी सोडून दाखवा,” ती म्हणाली आणि पुढं निघून गेली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच केरूला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा फड भरला. आखाड्याभोवती तीन बाजूंनी माणूस दाटलं होतं, शेजारच्या दहा-बारा गावांचं. हलगी कडाडत होती. माईकवर बोलणारा निवेदक कराडकडचा, मोठा तरबेज गडी. कुणी चिठ्ठी पुढं सरकवायचा आणि तो त्या नावाला अशी काही झालर लावायचा की देणाऱ्याची छाती दोन इंच फुगायची. अमक्या कुस्तीला तमक्याकडून पाच हजार, चांदीची गदा तमक्याकडून. आणि या फडावरचा नियम सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. माईकवर आकडा पुकारला की तो मागं घ्यायचा नाही. मागच्या वर्षी एकानं दारूच्या भरात एकावन्न हजार पुकारले, तर दुसऱ्या दिवशी म्हैस विकून भरले.

केरू पैलवानांना पाणी देत फिरत होता. फिरता फिरता त्याच्या मनात एक गोष्ट आली आणि आली ती गेलीच नाही. शेठला कागद नको असतो, नाव लागतं. मग पट्टीलाच नाव लावलं तर? हजारो माणसांत पुकारलं, हलगी वाजली, टाळ्या पडल्या, तर शिखरात आणि घरपट्टीत फरक काय राहिला? एकदा पुकारलं की भरणं आलं. लालाशेठनं भरली की सदतीस जणांनी भरली. त्याला हे इतकं सोपं वाटलं की आजवर कुणाला सुचलं कसं नाही, याचंच नवल वाटलं.

पंचायतीच्या शिपायाचा पेन मागून त्यानं गुडघ्यावर चिठ्ठी लिहिली. शिक्षण सातवीपर्यंत. नाव नीट लिहिलं, पुढं ‘दानशूर’ लिहिलं. बाकीचा मजकूर त्याला मागणी नोटिशीच्या कागदावरून तोंडपाठ होता, तो त्यानं जसाच्या तसा उतरवला. कागदावर जे छापलेलं असतं ते मानाचंच असतं, असा त्याचा समज होता.

निवेदकानं चिठ्ठी घेतली आणि वाचत वाचतच आवाज चढवला.

“आणि मंडळी, आपल्या गावचे सुपुत्र, सुवर्णनगरीचे राजे, दानशूर लालासाहेब शेठ यांच्याकडून ग्रामपंचायतीस, सन दोन हजार एकोणीसपासूनची थकीत घरपट्टी, मागणी नोटीस बजावूनही न भरलेली, रुपये एक लाख बारा हजार...”

शेवटचे शब्द म्हणताना त्याच्या लक्षात आलं, पण तोंड थांबेपर्यंत उशीर झाला होता. हलगीवाल्यानं सवयीनं दोन काठ्या हाणल्या आणि तोही थबकला. मागच्या बाजूला, परगावची पोरं बसली होती तिथून एक शिट्टी आली. मग हसू फुटलं आणि ते फडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

केरूच्या हातातली पाण्याची बादली कलली आणि पाय भिजले.

लालासाहेब मानकऱ्यांच्या खुर्चीवरून उठले. फेटा सावरला, सावकाश चालत माईकपाशी आले. फड गप्प झाला.

“कुणाकडनं तरी गडबड झाली,” ते म्हणाले. “असू दे. गडी आपलाच हाय. गावाला पाणी कमी पडतंय, एवढं मला कळलं. सरकारी मोटरीवर गाव किती दिवस भरोसा ठेवणार? बुधवारपासनं माझा टँकर गावात फिरंल. फुकट. पाऊस पडेपातूर.”

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पुकारलेला पट्टीचा आकडा त्यात बुडून गेला. हलगीवाल्यानं मघाचं सगळं भरून काढलं. कुणीतरी क्रांतीच्या हातात हार दिला आणि तिनं तो लालासाहेबांच्या गळ्यात घातला. खाली बघत घातला, पण फोटोत ती लाजल्यासारखी दिसत होती.

संध्याकाळी केरू बंगल्यावर माफी मागायला गेला. मालक पाहुण्यांत होते. त्याला पायरीवरूनच निरोप मिळाला की शेठनं मनात काही ठेवलेलं नाही.

बुधवारी वीजवाले आले. वायरमन ओळखीचा होता, त्यानं तार तोडायच्या आधी केरूला विचारलं, “काय भरलंय का थोडंफार?” केरूनं नाही म्हटलं. पत्र्याचं घर, वस्तीवरची तीस घरं, गावठाणातली दीडशे, सगळ्यांची पट्टी भरलेली होती आणि ती मिळून पुरत नव्हती. वायरमन खांबावर चढला. खाली उतरल्यावर दोघांनी तंबाखू मळली.

टँकर दुपारी आला. निळा, नवा कोरा, दोन्ही बाजूंना लालासाहेबांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘मोफत जलसेवा’. क्रांती पुढं बसून आली होती.

“नाना, पाईप तुमी धरा,” ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. “आबांनीच सांगितलंय. म्हणले, केरूलाच ठेवा, रोजच्या रोज हजरी दीन. पंचायतीसारखी रखडणार न्हाई.”

केरूनं पाईप खांद्यावर घेतला. दुसरं करण्यासारखं काय होतं? गावठाणात बायकांनी टँकरला हळदीकुंकू लावलं. एका म्हातारीनं फोटोला हात लावून तो कपाळाला लावला. कुणाच्या वाट्याला किती मिनिटं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही, ड्रायव्हर म्हणेल तेवढं. बौद्धवस्तीला पोचेपर्यंत टँकर अर्ध्याच्या खाली आला होता.

वस्तीतल्या पोरीबाळी घागरी, बादल्या, पिंपं घेऊन धावल्या. केरूची सून अक्षता सर्वांत पुढं होती. गर्दी जराशी ओसरली तशी त्याची आई आक्काताई आली. ऐंशी पार केलेली, काठी एका हातात, कळशी दुसऱ्या हातात. घरापुढं नळ आल्यापासून गेली कैक वर्षं ती पाण्याला उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.

तिनं कळशी पाईपपासून पाच-सहा हात लांब जमिनीवर ठेवली. मग काठी टेकत मागं सरली, आणखी मागं सरली आणि पदर पुढं ओढून खाली वाकून उभी राहिली.

“आये, हिकडं आण की कळशी,” केरू म्हणाला.

ती हलली नाही.

“अगं, पाईप तिथवर पुरत न्हाई. जवळ ये.”

“जवळ कशी येऊ, बाबा?” आक्काताई म्हणाली. “बाटंल तुमचं पाणी. तिथनंच वता वाईच.”

नळाच्या आधी, गावविहिरीवर तिच्या लहानपणी हेच होतं. भांडं लांब ठेवायचं, मागं सरायचं आणि वरून कुणाला दया येईपर्यंत उन्हात उभं राहायचं. चोवीस वर्षं लेकानं सोडलेलं पाणी दारातल्या नळाला येत होतं, तशी ती हे विसरली होती. तिनं मान वर केली नव्हती, त्यामुळं पाईप कुणाच्या हातात आहे हे तिला दिसलं नव्हतं, आणि टँकरच्या घरघरीत आवाजही ओळखू आला नव्हता.

अक्षता कळशी उचलायला धावली, तशी म्हातारी तिच्यावर खेकसली, शिवू नगंस म्हणाली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

केरू पाईप पुरेल तेवढा ओढत पुढं गेला, त्यानं हात लांब केला आणि वरून धार सोडली. अर्धं पाणी कळशीत पडलं, अर्धं मातीत गेलं. धार थांबली तेव्हा आक्काताईनं काठी बगलेत धरली आणि आपल्या लेकाला हात जोडले.

“लय उपकार झालं, मालक,” ती म्हणाली.