बुजगावणं

दूरच्या ताऱ्यासमोरून ग्रह सरकला की ताऱ्याचा उजेड किंचित मंदावतो, आणि ग्रहाभोवती हवा असेल तर त्या उजेडात तिची खूण उरते. धाकटीचं काम म्हणजे या खुणा वाचणं. विभागात ती सगळ्यात शेवटी आली म्हणून धाकटी; केस पिकायला लागले तरी नाव काही सुटलं नाही.

विभागप्रमुखांना सगळे मास्तर म्हणत. त्यांची एक खोड होती: खऱ्या नोंदींत गुपचूप एखादा बनावट ग्रह घुसवायचा आणि कोण फसतं ते बघायचं. त्याला विभागात बुजगावणं म्हणत. परीक्षा म्हणून पद्धत चांगलीच, पण मागच्या खेपेला धाकटी फसली, तेही भर सभेत, पाहुण्यांसमोर. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. ते तिला फार झोंबलं होतं.

म्हणून यंदा प्राणवायूने भरलेला ग्रह सापडला तेव्हा ती हुरळली नाही. पुढच्या फेरीत ग्रह पुन्हा ताऱ्यासमोर आला आणि तिथला प्राणवायू निम्म्यावर दिसला, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. अख्ख्या ग्रहाची हवा अशी बघता बघता नासते होय? मास्तर आजारी असले तरी घरी बसून हेच उद्योग करत असणार. तिने कुणापाशी अवाक्षर काढलं नाही आणि दुर्बिणीचा जादा वेळ दुसऱ्या ताऱ्यांना देऊन टाकला.

आज तिसरी फेरी आली. प्राणवायू नाही, नुसती काजळी. ती तडक मास्तरांच्या घरी गेली, अंथरुणाशी बसून सगळं सांगितलं, आणि आता पुरे झाली थट्टा, असं रडवेली होऊन म्हणाली.

मास्तर उशीवरून अर्धवट उठले.

"यंदा मी काही घुसवलंच नाही गं. झेपलंच नाही."

तारा भडकला असेल, काहीतरी आदळलं असेल, ती घाईघाईने बोलत सुटली. तारा शांत होता, आणि काही आदळलं असतं तर हवा अशी फेरीफेरीने जळत गेली नसती, हे तिलाच ठाऊक होतं. मधल्या काळात तिकडे कुणीच पाहिलं नाही का, मास्तरांनी विचारलं. तो वेळ मीच देऊन टाकला, ती म्हणाली. एक जिवंत जग तिच्या डोळ्यांसमोर विझत होतं, आणि लोक हसतील म्हणून तिने पाठ फिरवली होती.

"विभागाला कळव," मास्तर म्हणाले.

"काय कळवू? तिथं कुणीतरी आहे म्हणून?"

"होतं म्हण."