खिडकीला टांगलेली मूठ

टिणण् झालं आणि हातातला टॉवेल तसाच राहिला.

दुपारची वेळ. लेक झोपलीय अशा समजुतीत मी कपड्यांच्या घड्यासुद्धा दबकत घालत होते. ती मात्र केव्हाच उठून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढली होती. माझ्या बाबांनी गाडीच्या दाराची मूठ धुऊन, दोऱ्याने बांधून खिडकीच्या कडीला वाळत टांगली होती. लेक तिच्यावर चमचा मारून बघत होती.

"परत वाजव," मी म्हणाले. ओरडा बसला नाही म्हणून तीच चक्रावली.

टिणण्. सूर लांबत गेला आणि हळूच विरला. ही मूठ गायला नको होती.

बाबा घरामागच्या शेडमध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करतात. सध्याची गाडी एका निवृत्त शिक्षिकाबाईंची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. बाईंची अट एकच होती. "बाकी काय हवं ते नवं घाला मिस्त्री, पण चालकाच्या दाराची मूठ वडिलांचीच राहू द्या." पलीकडच्या दाराची मोडली होती, तिथे त्याच घडणीची नवी मागवली. जुनी आणि नवी दोन्ही एकदमच मुलाम्याला गेल्या आणि जुळ्या बहिणींसारख्या परत आल्या. कुठली कुठली, मुलामा देणाऱ्यालाही सांगता येईना.

बाबांना त्याची फिकीर नव्हती. मूठ दोऱ्याला टांगायची, चमचा मारायचा आणि ऐकायचं, ही त्यांची जन्माची रीत. अस्सल मूठ आतून पितळेची, ती गाते. नक्कल जस्ताची, ती ठक् म्हणून गप्प बसते. मुळाक्षरं गिरवायच्या आधी मी हे शिकले होते. गेल्या आठवड्यात त्यांनी तसंच पारखलं, एक मूठ चालकाच्या दाराला बसवली आणि दुसरी आज बसवायला ठेवली.

काल बाई बघायला आल्या होत्या. दारावरच्या मुठीवर त्यांनी तळवा ठेवला आणि तो काढेचनात. "वडील दार उघडायचे ना, तेव्हा मी त्यांच्या हातावर हात ठेवायचे. म्हणजे दार मीच उघडलं असं वाटायचं," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "हीच. अगदी हीच."

आणि अस्सल मूठ आमच्या खिडकीत गात होती.

बाबांना ऐकू कमी येतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, एक बाबा सोडून. त्यांच्या मते हल्ली माणसंच पुटपुटतात.

मूठ पदराखाली धरून, लेकीला काखोटीला मारून मी शेडमध्ये गेले. बाबा काच पुसत होते.

"बाबा, मुठींची अदलाबदल झालीय."

"काय झालंय?"

"अदलाबदल."

"ओरडतेस कशाला? बहिरा नाही मी." फडकं थांबलं. "चाळीस वर्षं पारखतोय. तू मला शिकवणार?"

"तुम्हीच शिकवलंत."

दारावरची मूठ त्यांनी काढली आणि दोन्ही शेजारीशेजारी टांगल्या. चमचा मारला. एकदा हिला, एकदा तिला. मान तिरकी करून कान अगदी जवळ नेला.

"आजोबा, ही गाते," लेक म्हणाली. "ती रुसलीय."

बाबांनी पुन्हा मारला. मी त्यांच्याकडे न बघता खिळ्यांच्या डब्याकडे बघत राहिले. मी तोंड उघडायलाच नको होतं, असं तेव्हा वाटून गेलं.

"मला दोन्ही सारख्याच," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी कानस घेतली. वस्तू ओरखडून बघावी लागली तर तो कसला मिस्त्री, असं ते नेहमी म्हणत आले. आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथे, दोन्हींना थोडं घासलं. एकीतून पिवळं पितळ दिसलं. दुसरीतून राखाडी जस्त.

"बदलून टाका की," मी म्हणाले. "बाईंना कशाला सांगायचं? काल केवढ्या सुखावल्या होत्या."

"त्यांनी एकच गोष्ट मागितली होती," बाबा म्हणाले आणि पाना शोधायला लागले. पाना त्यांच्या खिशातच होता. लेकीने काढून दिला.

पाचला बाई आल्या. बाबांनी त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही.

"बाई, काल तुम्ही धरली ती नक्कल होती. चूक माझी. अस्सल आत्ता बसवलीय." मग घसा खाकरून, "मला ऐकू येत नाही हल्ली नीट. नातीने पकडलं."

एवढं वाक्य बोलायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

बाई दाराशी गेल्या. नव्याने बसवलेल्या त्या जुन्या मुठीवर तळवा ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग स्वतःशीच हसल्या.

"खरं सांगू मिस्त्री? मला काही फरक कळत नाही."

"मला तरी कुठे कळला," बाबा म्हणाले, आणि दोघंही हसायला लागले. बाईंनी दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गाडी घेऊन निघताना वळणावर त्यांनी हॉर्न दिला. तो बाबांना ऐकू आला, किंवा आला असं त्यांनी दाखवलं. हात मात्र हलवला.

रिकाम्या शेडमध्ये खिळ्याला नुसते दोरे लोंबत होते. लेक त्यांच्याकडे बघत उभी होती, बोट तोंडात. विचार चालू असला की ती अशीच उभी राहते.

"आई," तिने विचारलं, "काल तर ती खोटी होती ना? मग बाईंना त्यांचे बाबा कसे सापडले?"