सत्तर मिलिमीटरचा शनी

पहिली दुर्बीण चुकीची घेतली तर मुलाची आकाशाची आवड कायमची मरते, असं मी इंटरनेटवर वाचलं आणि मग महिनाभर मला दुसरं काही सुचलं नाही. तोवर माझी समजूत होती की मुलांना धोका फक्त डासांपासून आणि शाळेच्या व्हॅनपासून असतो.

माझी लेक दामिनी नऊ वर्षांची. अबॅकस तिनं सोडलं, कीबोर्ड सोडला, स्केटिंगचे बूट एकदाच पायात गेले. दर वेळी रडणं नाही, भांडण नाही. वस्तू गुपचूप कपाटात ठेवायची आणि विषय बंद. शनीची कडी मात्र सुटेना. शाळेत सरांनी चित्र दाखवलं तेव्हापासून तिला एवढं एकच हवं होतं, ती कडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. या वेळी काही चुकलं तर कपाटात काय जाईल, याचा विचार करून माझी झोप उडाली होती.

बजेट सात हजारांचं. तेवढ्यात चांगली सायकल येते, असं माझ्या नवऱ्यानं, गोपालनं, सुचवून पाहिलं. मी ऐकलं नाही. मी एम.एस्सी. आहे, वनस्पतिशास्त्रात; म्हणजे आकाशातलं काही कळत नाही, पण न कळणाऱ्या गोष्टीचा तक्ता करता येतो. तक्त्यातून निघालं ते असं: किती पट मोठं दिसतं यावर भुलायचं नाही, समोरचं भिंग किती रुंद ते पाहायचं, आणि स्टँड असा जड हवा की श्वासानं हलता कामा नये.

सासूबाई लसूण सोलत होत्या तेव्हा मी त्यांना ही आनंदाची बातमी दिली.

"चंद्र दाखव," त्या म्हणाल्या. "गुरू दाखव, गुरू चांगला. शनी काहून?"

"त्याला कडी असते, आई."

"कडी असो का कुलूप असो. पोरीच्या राशीलेच बसला हाय थो. लोकं त्याची नजर चुकवतेत, अन् तू पैसे देऊन पोरीले त्याच्या डोयात डोया घालाले लावून राहिली."

"तो ग्रह आहे नुसता. वायूचा गोळा."

"वायूचा असून इतका तरास देते, तं लोखंडाचा असता म्हंजे काय केलं असतं?"

मी वनस्पतिशास्त्राकडे वळले आणि लसूण सोलायला घेतला.

गोपाल रोज बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला नोकरीला जातो आणि दिवे लागल्यावर परततो. त्याला सुट्टी चौथ्या शनिवारची, आणि प्रयोगशाळेचं सामान विकणारं दुकान अकोल्यातच. म्हणून दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही दोघं निघालो. दारातच सासूबाईंनी सांगितलं, "आज शनिवार हाय. लोखंड घरात आणू नका."

दुकानदार किसनराव आम्हाला पाहून खूश झाले. एक चकचकीत डबा त्यांनी पुढे सरकवला. "ताई, ही न्या. पाचशे पंचवीस पट. डब्यावर गुरू पाहा कसा हाय."

"तो डब्यावरच दिसेल," मी म्हणाले. "सत्तर मिलिमीटरची दाखवा."

"वाचून आल्या वाटते," किसनराव गोपालला म्हणाले, जणू मी एखादा आजार घेऊन आले होते.

सत्तरची नळी निघाली, सोबत दोन स्टँड. एक स्टीलचा. मी तो हलवून पाहिला, टिचकी मारली, वरून फुंकर घातली. ढिम्म. "हाच," मी म्हणाले.

गोपाल हळूच म्हणाला, "लोखंड."

"स्टील आहे ते."

"मग स्टील म्हणजे काय थे आईले तूच सांग."

मी काही बोलायच्या आत किसनरावांनी दुसरा, ॲल्युमिनिअमचा स्टँड काउंटरवर ठेवला आणि शेजारी एक चुंबक. "घरी लावून दाखवा, चिपकत नाही. शनिवारचं गिऱ्हाईक हाच नेते."

त्या स्टँडजवळ मी नुसती बोलले तरी नळी थरथरत होती. महिनाभर केलेल्या माझ्या तक्त्यात वार हा रकाना नव्हता.

घरी सासूबाईंनी तिन्ही पायांना चुंबक लावून पाहिलं. पाय पास झाले. एक स्क्रू मात्र चिकटला. तो त्यांनी काढायला लावला आणि उंबऱ्याबाहेर चपलांच्या स्टँडवर ठेवला. रविवारी पाहुणे आले, म्हणून आकाशाचा कार्यक्रम सोमवारी ठरला.

सोमवारी दुपारी मी इंटरनेटवर शनी नेमका कुठे सापडेल ते शोधायला बसले, आणि तिथे वाचलं की यंदा शनीची कडी आपल्याकडे धार करून आहे. ताट डोळ्यांच्या रेषेत आडवं धरलं की नुसता काठ दिसतो, तसं. कडीच्या जागी बारीक रेघ. पुन्हा छान उघडायला दोन-तीन वर्षं. मी भिंगाची रुंदी पाहिली होती, स्टँड पाहिला होता, परत करण्याच्या अटी पाहिल्या होत्या. शनीकडे मी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी सगळे गच्चीवर जमले. स्टँड हलू नये म्हणून गोपालनं त्याच्या मधोमध तुरीच्या डाळीची पिशवी टांगली. पश्चिमेला चंद्राची कोर होती आणि पूर्वेकडे, शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर, शनी. दामिनीनं नळी थेट तिकडे वळवली.

"आपण चंद्रच बघू," मी म्हणाले. "आजीचं बरोबर आहे. साडेसातीत नको शनी."

गोपालनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुपारी मला ऊन लागलं असावं. दामिनी रडली असती तर बरं झालं असतं. तिनं खिशातून दुर्बिणीचं झाकण काढलं, भिंगावर नीट बसवलं आणि जिन्याकडे निघाली.

"थांब व पोरी," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "माधवी, परवा तं वायूचा गोया होता ना थो?"

"पण तुम्हीच म्हणत होत्या, आई."

"मी म्हनतोच. तू काहून म्हनून राहिली?"

खरं कारण गिळून मी डाळीची पिशवी सरळ करू लागले. सासूबाईंनी पदर खोचला. "सरका. पहिले मी पायतो. त्याची पहिली नजर मायावर पडू दे. म्हातारीचं आता काय बिघडवते थो."

दामिनी पळतच परत आली. तिनं झाकण काढलं, नळी जुळवली, आजीला वाकायला शिकवलं. आजीनं दोन्ही हातांनी नळी घट्ट धरली आणि शनी पळाला. दामिनीनं तो पुन्हा आणला. "हात मागं बांध आजी. देवळाच्या रांगेत बांधते तसे."

सासूबाई हात मागे बांधून वाकल्या.

"अव माय," त्या म्हणाल्या. "लिंबात सुई खुपसल्यावानी दिसते. एवढासाच हाय?"

"आजी, माझी पाळी."

दामिनी वाकली. मी दुपारपासून जुळवलेली वाक्यं मनात धरून उभी होते: बेटा, कडी आहे, पण यंदा ती आडवी आहे, आपली दुर्बीण खराब नाही, तू नाराज होऊ नकोस.

"मम्मी, कडी नाही आहे. रेघ आहे."

"बेटा, कडी आहे, पण यंदा..."

"चित्रात असा नसते," ती म्हणाली. डोळा तिनं काढला नव्हता. "चित्रात सगळ्या जागी सारखाच असते. हा वेगळा आहे. म्हणजे हा खरा आहे."

मग तिनं विचारलं रेघ का, आणि मी ताटाचं सांगितलं, आणि तिनं विचारलं उद्या थोडी जाड होईल का, आणि मी म्हणाले उद्या नाही, दोन-तीन वर्षांत. "मग पाहत राहावं लागेल," ती म्हणाली.

"झालं का तुहं?" सासूबाई मागून म्हणाल्या. "सरक. थो मायाकडं पाहून राहिला का तुह्याकडं, थे तं समजू दे."

"थांब ना आजी. तू बोलली का हलते."

दामिनी जागची हलली नाही. सासूबाई हात मागे बांधून तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या, आपला नंबर जाऊ नये म्हणून. मी खाली बसून डाळीची पिशवी दोन्ही हातांनी धरली होती, ती झुलू नये म्हणून. माझी पाळी कधी, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.